पॉलिसीतले अहो

परदेशात, हॅमिल्टनला पोराकडं राहायला आल्यापासून भाऊसाहेब वाळुंजांचं कुणाशी वाकडं नव्हतं. शेजारची गोरी म्हातारी कुंपणावरून 'मॉर्निंग' म्हणायची, हे 'मॉर्निंग' म्हणायचे, दोघं खूश. कोपऱ्यावरच्या डेअरीत ब्रेड आणायला गेले की तिथला माणूस हवापाण्याच्या चार गोष्टी करायचा. इथं किराणा दुकानाला डेअरी का म्हणतात ते त्यांना कळलं नव्हतं, पण त्यावरून भांडायचं कारण नव्हतं. वैर म्हणावं असं एकाच गोष्टीशी होतं. गाडीच्या मागच्या दाराशी.

आता दाराशी कसलं आलंय वैर? तर नात वल्लरी होती चार वर्षांची. चालत्या गाडीत दार उघडायची खोड. म्हणून पोरानं, शंतनुनं, मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक लावून टाकलेलं. ते लावलं की दार आतून काही केल्या उघडत नाही, कुणीतरी बाहेरून येऊन उघडायचं. पुढं शंतनु आणि सूनबाई उत्तरा. मागं वल्लरीची खुर्ची, तिच्या एका अंगाला आजी मनोरमाबाई आणि दुसऱ्या अंगाला भाऊसाहेब, लोणच्याच्या बरणीसारखे गच्च. सुपरमार्केट आलं की पोरगा-सून उतरून, पिशव्या काढून, ट्रॉली शोधून निम्म्या वाटेला लागायचे, आणि मग वल्लरी आतून काच वाजवायची.

"आजोबा इज स्टक अगेन!"

चिंचवडच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. स्वतःची व्हॅन होती. त्या व्हॅननं कोकण पाहिलं, गोवा पाहिला, आणि याच सूनबाईंना लग्न लागल्यावर घरीसुद्धा त्याच व्हॅननं आणलं, भाऊसाहेब स्टिअरिंगवर, डोक्याला फेटा. आणि आता हा माणूस मागच्या सीटवर बसून नातीच्या शेजारी वाट बघतोय, कोण दार उघडतंय त्याची.

एक दिवस जेवताना त्यांनी विषय काढलाच.

"शंतनु, रविवारी गाडी मला दे. मी हिला समुद्रावर नेऊन आणतो. रॅगलनला."

शंतनुचा घास तोंडापाशी थांबला. "बाबा, तुम्ही लिस्टेड नाही."

"मी काय नाही?"

"इन्शुरन्सवर. आपली पॉलिसी नेम्ड ड्रायव्हरवाली आहे. ज्यांची नावं टाकलीत त्यांनीच चालवायची. उत्तरा आणि मी. म्हणून तर कंपनी डिस्काउंट देते."

"आणि तिसऱ्यानं चालवली तर?"

"चालवली तर चालवली. पण कुठं ठोकली तर कंपनी हात वर करणार."

"मग टाक की नाव. नाव टाकायला काय शाई आणायची बाजारातून?"

"नाव टाकलं की प्रीमियम वाढतो, बाबा. तुमचं लायसन इंडियाचं. इथं गाडी चालवल्याचा काही रेकॉर्ड नाही. पंचविशीच्या आतला पोरगा आणि तुम्ही, कंपनीच्या लेखी दोघंही सारखेच."

भाऊसाहेबांनी बायकोकडं पाहिलं. "ऐकलंस का? कंपनी म्हणते तुझा नवरा पंचविशीतला आहे."

"कंपनीला म्हणावं गुडघे बघून जा," मनोरमाबाई म्हणाल्या आणि त्यांना भाकरी वाढली.

उत्तरा हसायला लागली. पण शंतनु पडला इंजिनिअर. इथल्या दुधाच्या फॅक्टरीत मशीनं सांभाळतो, बापालाही मशीनसारखंच समजावून सांगायला बसला. म्हणे, कमी लोकांची नावं, तर डिस्काउंट. पोरासोरांना गाडी द्यायची नाही असं कबूल केलं, तर डिस्काउंट. काही झालं तर पहिला तुकडा आपण भरायचा, त्याला एक्सेस म्हणतात, तो वाढवून घेतला, तर डिस्काउंट. आणि बरीच वर्षं क्लेम केला नाही, तर त्याचंही डिस्काउंट.

"म्हणजे न रडल्याबद्दल खाऊ," भाऊसाहेब म्हणाले.

"हो, तसंच."

"आणि बाप आला की खाऊ बंद."

शंतनु खाली बघून भाकरी मोडत बसला.

आता खरी गोष्ट अशी, की भाऊसाहेबांना गाडीची एवढी हौस नव्हती. शब्द दिला होता. मनोरमाबाईंनी इथं येऊन समुद्र पाहिला होता तो गाडीच्या काचेतून. पोरं न्यायची, नाही असं नाही. पण वल्लरीला झोप यायची, शंतनुला घरी गवत कापायचं असायचं, उत्तराला दुसऱ्या दिवशीचे डबे. पाय ओले व्हायच्या आत 'चला चला'. तेव्हा बाई एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हीच न्या मला. दोघंच जाऊ. घाई नको कुणाची." आणि भाऊसाहेब 'नेतो' म्हणून बसले होते. बाई जन्मात काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा मागितलं तर त्यात कंपनी आडवी.

शेवटी उत्तरानं तोड काढली. गाडी तिच्या नावावर, पॉलिसी तिच्या नावावर. "बाबांनी इथलं लायसन काढलं तर प्रीमियम फार नाही वाढत, मी विचारलंय," ती म्हणाली. "काढा बाबा लायसन. मी टाकते तुमचं नाव."

शंतनुला नाही म्हणता येईना. पण मालकी थोडीच सुटते माणसाची. "ठीक आहे. पण एक सांगून ठेवतो बाबा, काही गडबड झाली, तर किल्ली परत. मग पुन्हा विषय नाही काढायचा."

"परत," भाऊसाहेब म्हणाले. "शब्द देतो."

लायसनची कथा वेगळीच. घरच्या गाडीला हात लावायचा नाही, नाव नाही म्हणून. तेव्हा फिजीकडचा एक ड्रायव्हिंग मास्तर गाठला आणि त्याच्या गाडीवर शिकले. शिकले म्हणजे काय, शिकलेलं विसरले. पहिल्या परीक्षेत शेजारी बसलेली गोरी बाई दर वळणावर दचकत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही कुणाला हॉर्न देताय?" भाऊसाहेब म्हणाले, "जो कोणी असेल त्याला." तिनं नापास केलं. इथं हॉर्न म्हणजे शिवी, हे मास्तरनं सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला भाऊसाहेबांनी डावा हात स्टिअरिंगच्या मधोमध जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून गाडी हाकली, चौकातल्या प्रत्येक गोलाला थांबले, खांद्यावरून मागं बघून बघून मान आखडून घेतली, आणि पास झाले. कार्ड आलं पोस्टानं. ते त्यांनी पँटच्या खिशात ठेवलं आणि पँट काही अंगावरून उतरेना.

उतरली ती अंघोळीला. आणि नेमका तेव्हाच फोन आला.

उत्तरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. चहाच्या सुट्टीत तिनं इन्शुरन्स कंपनीला फोन लावला आणि तिकडूनच घरचा फोन जोडून घेतला. भाऊसाहेब आत बादली भरत होते. बाहेरून मनोरमाबाईंचा आवाज येत होता. फोनवर इंग्लिश बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं अशी त्यांची समजूत, त्यामुळं दारातून बरंच ऐकू येत होतं.

"ते अंघोळीला गेलेत गं... मी? बरं, सांगते मी... जा तू, जा, बोलावतायत तर... हॅलो? येस. मदर-इन-लॉ स्पीकिंग."

भाऊसाहेबांनी नळ बारीक केला.

"नो, नो ॲक्सिडेंट. नेव्हर. ओन्ली वन म्हैस... म्हैस. बफेलो. शी गॉट अप अँड वेंट होम."

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. ती म्हैस सांगायची काय गरज होती? तांबे टाकायला सुरुवात केली, पाण्याच्या आवाजात मधलं काही कळेना. डोक्याला साबण लावला, तेवढ्यात स्पष्ट हाक आली.

"अहो!"

"ओ!" भाऊसाहेब आतून ओरडले. "काय गं?"

उत्तर नाही. क्षणभरानं पुन्हा, जरा ताणून, "अ-हो!"

"आलो, आलो!" काय पेटलं का काय म्हणून टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण, एका हातानं भिंत चाचपत भाऊसाहेब बाहेर. मनोरमाबाई फोन ठेवत होत्या.

"काय झालं? हाक मारलीस ना?"

"तुम्हाला कुठं मारली? जा, डोकं धुवा आधी. फरशीभर पाणी केलंत."

"दोनदा 'अहो' म्हणालीस."

"तिच्याशी बोलत होते मी. झालं तुमचं काम. टाकलं नाव. लायसनचा नंबर तेवढा राहिला. म्हटलं, लायसन पँटमध्ये, पँट बाथरूममध्ये, आणि माणूसपण बाथरूममध्ये. ती म्हणाली नंतर द्या, चालेल. गुणाची मुलगी. मेरे."

"कुणाची?"

"कुणाची नाही हो. नावच मेरे. माओरी मुलगी आहे, इथल्या मूळच्या लोकांतली. किआ ओरा म्हणाली मला, म्हणजे नमस्कार."

झालं. उत्तराच्या फोनवर 'तुमची पॉलिसी बदलली आहे' असा ईमेल आला, तिनं प्रीमियमचा आकडा तेवढा पाहिला, फार वाढला नव्हता. "बाबा, तुम्ही लिस्टेड," एवढं सांगितलं. भाऊसाहेबांनी बायकोला म्हटलं, "बघ. नावाला किंमत आहे, पण परवडण्यासारखी."

वाढदिवसाचा रविवार निघाला ऊन घेऊन. भाऊसाहेबांनी पहाटेच गाडी धुतली. जपानहून आलेली जुनी पांढरी गाडी. सुरू केली की आतली बाई जपानीत काहीतरी म्हणते. काय म्हणते ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मनोरमाबाई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, मांडीवर धपाट्यांचा डबा.

"काय म्हणते ही?"

"म्हणते, आज नवीन ड्रायव्हर दिसतोय."

शंतनु दारात उभा. "बाबा, पन्नासची पाटी असली की पन्नासच. आणि वळणावर पाठीमागं गाड्या जमल्या तर डावीकडं घेऊन जाऊ द्यायचं..."

"आत जा. सकाळी सकाळी कानाला गारठा लागेल," भाऊसाहेब म्हणाले आणि निघाले.

हॅमिल्टनचे गोल मागं पडले, डोंगर सुरू झाले. हिरवीगार कुरणं, वर पांढऱ्या पवनचक्क्या, खाली गायी. रस्ता वळणावळणाचा. मनोरमाबाईंनी एकदाही 'हळू' म्हटलं नाही. चिंचवडला असताना दर मैलाला म्हणायच्या.

"काय गं, बोलत नाहीस?"

"बरं वाटतंय," बाई म्हणाल्या. "पुढनं सगळं दिसतं."

रॅगलनची वाळू काळी. काळी म्हणजे काजळासारखी, आणि उन्हात तापलेली. मनोरमाबाईंनी नऊवारी नाही, साधी सहावारीच, पण खोचली आणि सरळ पाण्यात. भाऊसाहेब पँट दुमडून मागोमाग. लाट यायची, बाई हसायच्या. घाई कुणालाच नव्हती. मागं वळून पाहिलं तर ओल्या काळ्या वाळूत दोघांचीच पावलं, जोडीनं. भाऊसाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं, पण सुचलं एवढंच, "भूक लागली."

परत निघायला गाडीत बसले. गाडी काढून पार्किंगमधून बाहेरच्या रस्त्याला लागायचं, तर पुढं पोरं रस्ता ओलांडत होती. भाऊसाहेब थांबले. नीट थांबले, हँडब्रेकसुद्धा ओढला. आणि शेजारच्या ओळीतनं एक मोठी यूट, म्हणजे मागं उघडा हौदा असतो तसली गाडी, उलटी येत आली, येत आली... भाऊसाहेबांचा हात हॉर्नकडं गेला आणि गोऱ्या बाईची आठवण होऊन अर्ध्यात थांबला. धडाम्! मागच्या दारावर पोचा पडला.

यूटमधून एक दांडगा पोरगा उतरला. नखशिखांत काळा रबरी पोशाख, केसातून पाणी, पायात जँडल्स, म्हणजे आपली स्लिपर. त्यानं पोचा बघितला, यूटच्या हौद्यातली सर्फिंगची फळी बघितली, डोक्याला हात लावला.

"सॉरी अंकल! माझीच चूक. हीप्स सॉरी. तुम्हाला लागलं नाही ना?"

भाऊसाहेब खाली उतरले. लागलं काहीच नव्हतं. पण पोचा डोळ्यांसमोर होता, आणि त्या पोच्यात शंतनुचा चेहरा. पोरगा मात्र सरळ. आपलं नाव, फोन, गाडीचा नंबर, सगळं दिलं, फोटो काढून दिले. मनोरमाबाईंना त्याचीच दया आली. थंडीनं ओठ निळे पडलेले. त्यांनी डबा उघडून त्याच्या हातावर धपाटा ठेवला. त्यानं मोठा घास घेतला, अंगठा वर केला आणि इथल्या बोलीत 'झकास' म्हणाला.

"स्वीट ॲज!"

"स्वीट नाही रे बाळा," बाई म्हणाल्या, "तिखट आहे."

ते त्याला दुसऱ्या घासाला कळलं.

घरी आले. शंतनुनं गाडीभोवती फेरी मारली. चेहरा दगडी. पण हकिगत ऐकली, फोटो पाहिले, तेव्हा म्हणाला, "चूक त्याची आहे, आणि कबूलपण केलीय. मग आपल्याला एक्सेस नाही आणि आपलं नो-क्लेमचं डिस्काउंटपण जात नाही. कळवून टाकू आत्ताच."

भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. सगळे जेवणाच्या टेबलापाशी बसले. उत्तरानं फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडं कुणी पुरुष होता. कुठं झालं, कसं झालं, सगळं टिपून घेतलं.

"चालवत कोण होतं?"

"माझे सासरे. भाऊसाहेब वाळुंज."

किबोर्डची टकटक. मग पुन्हा टकटक.

"सॉरी," तो म्हणाला. "या नावाचा ड्रायव्हर पॉलिसीवर नाही."

उत्तरा म्हणाली, "असं कसं? आम्ही टाकलंय नाव."

"नाही, मॅडम. आणि ही पॉलिसी फक्त लिस्टेड ड्रायव्हरसाठीच आहे. दुसऱ्या कुणी चालवली असेल तर कव्हर मिळत नाही."

शंतनुनं बापाकडं पाहिलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा," तो हळूच म्हणाला, "मी म्हणूनच म्हणत होतो."

भाऊसाहेब उठले. खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. शब्द म्हणजे शब्द. स्वयंपाकघरातनं गॅरेजमध्ये जायला दार होतं, ते उघडून गेले. जायचं कुठं? गॅरेजमध्ये गाडीशिवाय काही नव्हतं. सवयीनं पुढचं दार उघडलं, मग म्हणाले, नाही, आपली जागा ती नव्हे. मागचं, न चेपलेल्या बाजूचं दार उघडलं, वल्लरीच्या खुर्चीशेजारी बसले आणि दार ओढून घेतलं. खट्.

पुढचं दार त्यांनी उघडंच सोडलं होतं, आणि स्वयंपाकघराचंही. त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं.

"...लिस्टवर कोण कोण आहे ते तरी वाचा," उत्तरा.

"उत्तरा वाळुंज. शंतनु वाळुंज. आणि एहो वाळुंज."

"कोण?"

"एहो. ए, एच, ओ."

"हा एहो कोण?" शंतनुचा आवाज. "उत्तरा, कुणाला बसवलंयस आपल्या पॉलिसीत?"

"मला काय माहीत! मी असला माणूस आयुष्यात पाहिला नाही!"

भाऊसाहेबसुद्धा मागच्या सीटवर विचारात पडले. च्यायला, आपलं नाव नाही आणि कुठल्या परक्याचं आहे? मग टेबलापासून बायकोचा आवाज आला, बारीक, चोरट्यासारखा.

"अगंबाई."

"काय झालं, आई?"

"एहो नाही गं. अहो."

"म्हणजे?"

"तिनं मला विचारलं, व्हॉट डू यू कॉल युवर हजबंड? म्हटलं, अहो. मी दुसरं काय म्हणते त्यांना? ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. खरं तेच सांगितलं मी!"

मग उत्तराच्या हसण्याचा असा फुगा फुटला, की वल्लरी झोपेतून उठून रडायला लागली. शंतनु हसतोय का रडतोय ते भाऊसाहेबांना कळेना.

भाऊसाहेबांना हसू आलं नाही. त्यांच्या मनात एवढंच, की किल्ली टेबलावर गेली ती गेली.

तिकडच्या पुरुषानं काहीच न कळल्यामुळं फोन दुसरीकडं दिला. ज्या मुलीनं नाव घातलं तीच कामावर होती. मेरे. तिला ही केस चांगली आठवत होती. "म्हशीवाल्या आजी ना?" ती म्हणाली.

उत्तरानं सगळं समजावून सांगितलं. मेरे म्हणाली, जन्मतारीख तर जुळते. लायसनचा नंबर वाचा, तो तपासते. पण चुकीचं नाव रेकॉर्डिंगवर आजींनी दिलंय, तर बरोबर नावही त्यांनीच द्यायला हवं. आणि हे अहो आणि भाऊसाहेब एकच माणूस, याची माझी खात्री पटायला हवी.

"कशी पटवायची?" शंतनु.

मेरे हसली. "मारा की हाक. बघू कोण येतं ते."

गॅरेजमध्ये भाऊसाहेब ताठ बसले. ठरवलं, ओ द्यायची नाही. आपण काय सर्कशीतले आहोत?

"अहो!" मनोरमाबाईंची हाक आली.

भाऊसाहेबांनी दात आवळले.

"बघा, नाहीत वाटतं," शंतनु.

आणि मग पुन्हा आली. या खेपेला मोठ्यानं नाही. रात्री औषध घेतलंत का विचारायची, बाजारात गर्दीत हात सुटला की मारायची, व्हॅनचं चाक चिखलात रुतलं की मागनं ढकलता ढकलता द्यायची, ती हाक. "अहो..."

"ओ!"

ती ओ भाऊसाहेबांनी दिलीच नाही. तोंडातून आपोआप गेली. जन्मभराची सवय, ती काय कंपनीला विचारून थांबते?

फोनमधून मेरेचं खदखदून हसणं आलं. "दॅट्स हिम! बोलवा त्यांना."

"अहो, इकडं या की!"

"येऊ कसा?" भाऊसाहेब गरजले. "दार उघडा कुणीतरी! चाइल्ड लॉक आहे!"

शंतनु धावत आला. बापाला मागच्या सीटवर, नातीच्या खुर्चीशेजारी तसं बसलेलं पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. दार उघडून तो म्हणाला, "बाबा, इथं कशाला बसलात?" भाऊसाहेब म्हणाले, "तूच बसवलंस." आणि आत गेले. शंतनु थोडा वेळ त्या दाराशीच उभा राहिला.

टेबलाशी आता मनोरमाबाईंची परीक्षा होती. लायसनचा नंबर वाचून झाला होता, तो जुळला होता. उरलं होतं ते नाव.

"आजी, तुमच्या मिस्टरांचं खरं नाव सांगा. रेकॉर्डिंग चालू आहे."

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. सुनेकडं पाहिलं. पोराकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलंच नाही.

"आई, सांगा ना. एकच तर शब्द आहे," उत्तरा पुटपुटली.

"असं नुसतंच? नुसतं नाव नाही घेत कुणी."

"आजी?" मेरे.

मग बाईंनी घसा खाकरला, हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि लग्नमंडपात उभ्या असाव्यात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"रॅगलनच्या काळ्या वाळूत उमटली पावलं दोन,
भाऊसाहेबांचं नाव घेते, चालू ठेवा फोन!"

उत्तरानं टाळ्या वाजवल्या. वल्लरीनं का ते न कळता टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब खुर्चीची पाठ धरून उभे. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल? पोराच्या लग्नात घेतलं होतं, त्यानंतर आजच. कान गरम झाले होते म्हाताऱ्याचे.

"ब्यूटिफुल," मेरे म्हणाली. "कळलं काही नाही, पण नाव ऐकू आलं. भाऊसाहेब. करेक्ट करते. ड्रायव्हर तोच, फक्त नाव चुकलं होतं. क्लेम पुढं जाईल. एक्सेस नाही, डिस्काउंट आहे तसंच."

शंतनुनं खुर्चीत अंग टाकलं.

"पण मेरे," उत्तरानं विचारलं, "तुला ते नाव विचित्र नाही वाटलं?"

"विचित्र कशाला? आमच्या माओरीत अहो म्हणजे धागा. कापड विणताना आडवा घालतात ना, तो. त्यानंच सगळं एकत्र राहतं. मी म्हटलं, काय छान नाव आहे आजोबांचं."

उत्तरानं ते मराठीत सांगितलं. मनोरमाबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. ओढला की येतो."

मेरेनं फोन ठेवण्याआधी शेवटचं विचारलं. कागदोपत्री भाऊसाहेबच, पण आमच्याकडून मेसेज येतात त्यात कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल? कुणी काही बोलायच्या आत वल्लरी ओरडली, "अहो!" आणि तसंच टिपलं गेलं. तेव्हापासून कंपनीचा मेसेज आला, की 'किआ ओरा अहो' असा येतो, आणि भाऊसाहेब तो बायकोला दाखवून म्हणतात, "बघ, तुला सवत आली."

किल्ली रात्रभर टेबलावरच होती. सकाळी शंतनुनं ती उचलली आणि काही न बोलता बापाच्या चहाच्या कपाशेजारी सरकवून ठेवली.

पुढच्या रविवारी सगळेच निघाले, ऑकलंडला देवळात. भाऊसाहेब स्टिअरिंगवर, मनोरमाबाई शेजारी. मागं एका अंगाला उत्तरा, मधे वल्लरी आणि दुसऱ्या अंगाला शंतनु, गुडघे हनुवटीला लावून. चेपलेलं दार तेवढं अजून दुरुस्त व्हायचं होतं. ऑकलंडच्या गर्दीत भाऊसाहेबांनी एकदाही हॉर्न दिला नाही. देवळाच्या पार्किंगमध्ये गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोब्बर मधे लावली, उतरले, बायकोचं दार उघडलं. सुनेला आणि नातीला तिकडच्या बाजूनं उतरवून घेतलं. मग चष्मा पुसला, आभाळाकडं पाहिलं, आणि चौघं देवळाच्या पायऱ्यांकडं चालायला लागले.

मागनं काच वाजायला लागली. "बाबा! अहो बाबा! दार!"

"अहो," मनोरमाबाई म्हणाल्या, "उघडा की त्याला."

"उघडतो गं," भाऊसाहेब म्हणाले. "देवाला नमस्कार तर करून येऊ."

पण दोन पावलांवर थांबले, आणि हसत मागं वळले.